कॅनच्या खोलीतली शालनवहिनी

मिरजेच्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या आदल्या दुपारी, एक तरणी नर्स संमतीचा कागद घेऊन आली. तिनं कॉटवरच्या नऊवारीतल्या बाईकडं एक नजर टाकली आणि कागदाच्या आधी शाईचं पॅडच पुढं केलं. मी पलीकडं औषधं लावत होते. मनात म्हटलं, मेली आता ही पोरगी. आमच्या शालनवहिनीचा आवाज तेव्हा बराच खोल गेला होता, पण तेवढ्यापुरता कुठून कोण जाणे वर आला. "अंगठा कुणाला मागतीस गं? पेन आण." उजव्या हाताला सलाईन, हात सुजून टम्म. नर्स म्हणाली, "आजी, हात हलवू नका, अंगठा चालतो." वहिनी म्हणाली, "तुला चालतो, मला न्हाई चालत." आणि तिनं डाव्या हातानं सही करायला घेतली. डावा हात लिहायला कधी शिकला होता? अक्षर इकडून तिकडं, काना एकीकडं, वेलांटी दुसरीकडं. तेवढ्यात डॉक्टर राउंडला आले, तेही थांबले. वहिनीनं मान वर केली नाही. "थांबू द्या त्यास्नी. घाईनं केलेली सही बँकेत परत येती," म्हणाली. सगळी सही झाल्यावर कागद लांब धरून बघितला आणि मग मला जवळ बोलावलं. "वन्सं, एक सांगते. मी ह्यातनं उठले न्हाई तर डेअरीचा चेअरमन माझ्या दहाव्यापतुर वाट बघणार न्हाई. वर्गाच्या खोलीत पेंडीची पोती लावंल. खोली सोडू नका." मी रागावले, असलं अभद्र बोलू नको म्हटलं. ती म्हणाली, "अभद्र तर अभद्र. सोडणार न्हाई म्हणा." मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, आणि त्यातून वहिनी उठली नाही.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. गावात शोकसभा झाली, भाषणं झाली. एकानं तिला त्यागमूर्ती म्हटलं, दुसऱ्यानं अडाणी मायमाउलींची ज्ञानज्योत म्हटलं. मी पुढच्या खुर्चीत दात-ओठ खात बसले होते. त्यागमूर्ती? अहो, जिनं आयुष्यात स्वतःचा एक शब्द मागं घेतला नाही, तिनं कसला त्याग केला? तिखट, हट्टी, भांडखोर बाई होती ती. चहा पांचट झाला तर पाहुण्यादेखत ओतून द्यायची. आणि तिच्या वर्गात शिकायला येणाऱ्या कुठल्याही बाईला कुणी अडाणी म्हटलेलं तिला खपायचं नाही. म्हणून हे लिहिते आहे. माझी वहिनी होती, तिचं गोडगोड चित्र कुणी रंगवायला लागलं तर ते पुसायचा हक्क माझा आहे.

आमचं गाव कुंडलच्या अलीकडं, उसाच्या पट्ट्यातलं. घरटी एकजण फौजेत. माझा दादाही, जयसिंग. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षर ओळखता येत नव्हतं आणि त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं. दादाची पत्रं यायची ती मी वाचून दाखवायची, आणि नवराबायकोतलं जे काय असेल ते दादा बिचारा लिहायचाच नाही, कारण वाचणारी धाकटी बहीण. डोंगरातल्या रस्त्यावर फौजेची गाडी दरीत गेली आणि दादा तिरंग्यात घरी आला. साऱ्या गावानं घोषणा दिल्या. त्या गर्दीत कुणीतरी वहिनीपुढं कागद धरले, तिचा अंगठा धरून शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. पुढं कितीतरी वर्षांनी ती मला म्हणाली, "चितेला हात जोडले तवा बघितलं वन्सं, अंगठा निळा. मला रडायचंबी सुचंना. वाटलं, ह्या माणसाला निरोप देताना माझ्याकडं अंगठ्याशिवाय काय न्हाई."

मी तेव्हा मिरजेत नर्सिंग शिकत होते. रविवारी घरी आले की वहिनी माझी वाट बघत उंबऱ्यात बसलेली. चुलीपुढं राख पसरून मी तिला अक्षरं काढून दाखवायची. आई म्हणायची, "आता शिकून काय कलेक्टर व्हायचंय?" वहिनी म्हणायची, "न्हाई आत्या, कलेक्टरला माजा अंगठा घेतलेला कागद मागायचाय." शिकताना ती स्वतःवर इतकी चिडायची की बघवायचं नाही. एकदा अक्षर वळेना म्हणून चिमटा फेकून मारला, तो मांजराला लागला आणि ते मांजर पुन्हा कधी स्वयंपाकघरात आलं नाही. पण वळलं अक्षर. मग बाहेरून दहावी दिली, गणितात आपटली, पुन्हा दिली, पुन्हा आपटली, आणि शेवटी पास झाली तेव्हा गावात पेढे न वाटता गणिताच्या नावानं बोटं मोडत फिरली.

पुढं सरकारी साक्षरतेचे वर्ग आले. कंदील आले, पुस्तकं आली, साहेब आले, फोटो निघाले. काही दिवसांनी वेशीवर पाटी लागली की हे गाव साक्षर झालं आहे. वर्ग बंद. वहिनी गल्लीतल्या बायकांना घेऊन त्या पाटीखाली गेली आणि म्हणाली, "वाचा गं, काय लिवलंय?" कुणालाच वाचता येईना. ती तिथून तडक डेअरीच्या वार्षिक सभेत शिरली. गावच्या दूध डेअरीत दूध गार करायची मोठी टाकी नुकती बसली होती, त्यामुळं मागची कॅन ठेवायची खोली रिकामी पडली होती. वहिनीनं ती दुपारपुरती मागितली. चेअरमन म्हणाले, "आवं वयनी, डेअरीच्या खोलीत बायका कशाला?" वहिनी उभ्यानंच म्हणाली, "आत्ता दुपारचं तितं उंदरं खेळत्यात. ती चालत्यात, आमी न्हाई व्हय चालत?" सभा हसली, चेअरमनही हसले आणि खोली मिळाली. आंबूस दूध आणि फिनेल यांच्या वासाची ती खोली. दोन्ही वेळच्या धारांच्या मधली, रानातून आल्यावरची आणि पुन्हा वैरणीला जायच्या आधीची जी काय दुपार बायकांच्या वाट्याला येते, त्या दुपारी वर्ग भरायला लागला.

आता पाट्यांची गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय वहिनी कळायची नाही. पहिल्या खेपेच्या बायकांत एक हौसाबाई होती. माहेर आटपाडीकडचं, तिकडं मेंढरं. नवरा धोंडीराम ट्रकवर ड्रायव्हर, महिना महिना बाहेर. हौसाबाईला अक्षर लवकर आलं. सगळ्या म्हणाल्या, आता मालकांचं नाव लिहायला शिकवा. तोंडानं घ्यायचं नाव एरवी उखाण्यातच, पण लिहायला काय हरकत? लाजत, खिदळत सगळ्यांनी आपापल्या धन्याचं नाव पाटीवर काढलं. वर्ग सुटायची वेळ झाली. वहिनी म्हणाली, "पुसा पाट्या." एकही हात हलला नाही. हौसाबाईनं पाटी पोटाशी धरली. "आवं आक्का, मालकांचं नाव कसं पुसू? तिकडं घाटात गाडी चालवत असतील. हितं पुसलं आन तिकडं काय झालं म्हंजे?" ज्यांचे नवरे सरहद्दीवर होते त्यांनी तर पदराखाली पाट्या झाकल्या. गेल्या सगळ्या पाट्या घेऊन घरी. दुसऱ्या दिवशी मी सुट्टीवर आले होते, सहज वर्गात डोकावले तर लिहायला पाटीच नाही कुणाकडं! पाट्या देव्हाऱ्यात. हळदीकुंकू लावून, वर फूल वाहून.

मला हसू आवरेना. वहिनी हसली नाही. कुणाला खुळचट म्हणाली नाही. तिनं खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, जयसिंग. मग ते नाव मोठ्यानं वाचलं, साध्या आवाजात, उखाण्याबिखाण्याशिवाय. बायकांनी तोंडाला पदर लावले. विधवा बाई नवऱ्याचं नाव घेते आहे, म्हणजे काय! वहिनी बायकांकडं वळली. "ह्यास्नी कुणी पुसलं? मी पुसलं व्हय? मला तवा लिवायलाच येत नव्हतं. पाटी न्हवती माज्याकडं. तरीबी गेलेच की न्हाई?" आणि तिनं तळहातानं ते नाव पुसून टाकलं. माझ्या भावाचं नाव होतं ते. वाटलं, उठावं आणि जावं. पण वहिनीनं तो खडूनं पांढरा झालेला तळहात मुठीत मिटून घेतला, ते मला दिसलं, आणि मी बसून राहिले.

हौसाबाई उठली, घरी गेली आणि देव्हाऱ्यातली पाटी घेऊन आली. पण पुसायचा धीर होईना. तिनं तोडगा काढला. "आक्का, आसं करू. मला माजं नाव शिकवा. ते लिवते आन पुसते. माजं पुसायला भ्या न्हाई." तिला वाटलं, आक्का खूश होईल. वहिनी मात्र अशी भडकली की बाहेर बांधलेली म्हैस दचकली असेल. "माजं पुसायला भ्या न्हाई म्हंजे? त्येचं नाव जिवापाड, आन तुजं काय वाटंवर पडलंय? त्येला काय झालं तर घर बुडंल, आन तुला झालं तर? धार कोण काढतं? पोरं कोण बघतं? तुजंबी भ्या वाटू दे की गं जरा!" त्या खोलीतल्या कुठल्याच बाईला हे याआधी कुणी म्हटलं नसावं. मग हौसाबाईनं धोंडीरामच्या नावाखाली आपलं नाव काढलं, हौसा, थोडं वाकडं. बराच वेळ दोन्ही नावं बघितली. आणि डोळे गच्च मिटून दोन्ही एका फटक्यात पुसली.

पुढचे दिवस तिनं कसे काढले ते तिलाच माहीत. रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला की दारात. शेवटी धोंडीराम आला, धडधाकट, आणि आल्या आल्या कालवण अळणी झालं म्हणून ओरडला. हौसाबाई एवढी हसली, एवढी हसली की त्याला वाटलं बाईला काही बाधलं. दुसऱ्या दिवशी देव्हाऱ्यांतल्या सगळ्या पाट्या वर्गात परत आल्या.

तेव्हापासून वहिनीच्या वर्गात आपलं नाव आधी, असा नियमच झाला. पाट्या गेल्या, वह्या आल्या, आता हातात मोबाईल आले. शिकवायचं बदलत गेलं. एसटीची पाटी, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख, दुधाच्या फॅटचा हिशेब, बँकेचा मेसेज खरा की लुबाडणारा. उसाच्या बांधावरच्या बागायतदारणी आणि त्यांच्याच रानात तण भांगलायला जाणाऱ्या बाया एका सतरंजीवर बसायच्या. सुरुवातीला सतरंजीच्या कडेनं आपोआप दोन गट पडले, तर वहिनीनं सतरंजीच काढून घेतली. "बसा समद्या फरशीवर. गार लागलं की सरकशीला एकमेकीला." कुणी शिकून गेल्या, कुणी अर्ध्यात सोडून गेल्या, सुना आल्या. चेअरमन अधूनमधून खडा टाकून बघायचे. "वयनी, पेंड ठेवायला जागा न्हाई हो. आता समद्यास्नी वाचता येतंय की." वहिनी म्हणायची, "तुमच्या आईला येतंय का? धाडा त्यास्नी, मंग बोलू." म्हातारीला त्यांनी कधी धाडलं नाही. वाईट माणूस नाही तो. दवाखान्यात भेटायला आला होता, शोकसभेत रडलाही. पण खोली रिकामी दिसली की त्याला पोतीच दिसतात, त्याला तो काय करणार!

वहिनीचं अगदी खरं झालं. दहावा व्हायचा होता. मी घरात पाहुण्यांचं बघत होते, आणि हौसाबाई धापा टाकत मागच्या परड्यातून आली. "वन्सं, पोती लावली." गेले बघायला. खोलीत खालपासून छतापर्यंत पेंडीची पोती, आणि फळ्यापुढं तेवढी उभं राहण्यापुरती फट. माझं डोकं भणभणलं. बाई अजून धड गेली नाही, घरात दिवा तेवतोय, आणि ह्यांची पोती आली! मी चेअरमनकडं निघाले, तर हौसाबाईनं हात धरला. "तुमी न्हाई बोलायचं. तुमी बोलला तर घरचं भांडान हुईल. डेअरी आमची बी हाय. सांजच्याला बघू." वर्ग मात्र त्या दुपारीही भरला. बायका पोत्यांवर चढून बसल्या, आणि हौसाबाईनं त्या फटीत उभं राहून नव्या आलेल्या एका सुनेकडून तिचं नाव गिरवून घेतलं.

संध्याकाळी डेअरीपुढं नेहमीसारखी रांग लागली. सगळ्यांत पुढं हौसाबाई. सेक्रेटरीनं माप पुढं केलं, तिनं किटलीचं झाकण उघडलं नाही. मागची बाई, तिच्या मागची, कुणीच उघडलं नाही. टँकर यायची वेळ झालेली. चेअरमन आतून आले. "काय गं, काय झालं?"

"आधी पोती, मंग दूध."

"आगं खुळे, दूध नासंल!"

"नासू दे. आमच्याच म्हशीचं हाय."

चेअरमननी रांगेवर नजर फिरवली. "तुमची बापय माणसं कुटं हायती? बोलवा त्यास्नी. त्यांच्याशी बोलतो मी."

"आसतील तितं आसू द्यात," हौसाबाई म्हणाली. "धारा आमी काढल्यात. आमच्याशी बोला."

रांगेतल्या एका म्हातारीनं किटली खाली ठेवली आणि तिच्यावरच बसकण मारली. ते बघून दुसऱ्याही बसल्या. मी बाजूला उभी होते. आयुष्यभर दवाखान्यांत माणसं मरताना बघितली, रडू आवरायची सवय आहे मला. त्या संध्याकाळी नाही आवरलं. चेअरमन थोडा वेळ इकडं तिकडं येरझाऱ्या घालत राहिले. मग टँकरचा हॉर्न ऐकू आला, आणि डेअरीच्या चेअरमननी स्वतः, सेक्रेटरीला बरोबर घेऊन, पेंडीची पोती पाठीवर मारून आपल्याच घराच्या सोप्यात नेऊन टाकली. शेवटचं पोतं बाहेर पडेपर्यंत एकीनंही झाकण उघडलं नाही.

तेराव्यानंतर चेअरमन दुपारी खोलीत समेट करायला आले. हातात वहिनीचा मोठा फोटो, सोनेरी चौकटीतला, वर चंदनाच्या सालीचा हार. त्यांच्या पदरच्या खर्चानं केलेला. म्हणाले, "वर्गात लावू, समोरच्या भिंतीवर. आठवण ऱ्हाईल." चांगल्या मनानं म्हणाले, हे मी नाकारत नाही. हौसाबाईनं फोटो हातात घेतला, पदरानं काच पुसली, वहिनीच्या तोंडाकडं नीट बघितलं... आणि माझ्या हातात दिला. "वन्सं, ह्यो तुमी घरी न्या. भिंत लागती आमाला. फळा ल्हान पडतोय."

धोंडीरामनं काळा रंग आणला. ट्रकच्या मागं अक्षरं रंगवायचा हात आहे त्याचा. त्यानं समोरची सबंध भिंत, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, काळी करून टाकली. आता एका वेळी सहा-सात जणी फळ्यापुढं उभ्या राहून लिहितात, कोपरं एकमेकींना लागतात, भांडणं होतात. मी मिरजेहून पॅसेंजरनं अधूनमधून जाते आणि मागं बसते. हौसाबाई शिकवते, वहिनीइतकं बरं शिकवत नाही, पण ओरडते अगदी तशीच. चेअरमनची म्हातारी आई अजून आलेली नाही. तिची जागा धरून ठेवली आहे.

शोकसभेत ज्यांना बोलायचं राहून गेलं, त्यांनी मला फोन करून विचारलं की शालनताईंना श्रद्धांजली कुठं वाहायची, समाधी कुठं, फोटो कुठं. तो फोटो माझ्या घरी आहे, आणि तो बघायला मी कुणाला बोलावणार नाही. ज्यांना वहिनीला भेटायचं असेल त्यांनी दुपारी डेअरीच्या मागच्या खोलीत जावं. हार नेऊ नका, तो लावायला तिथं भिंत शिल्लक नाही. खडू न्या. पांढरेच न्या, रंगीत लवकर मोडतात.